गोळीच्या बदल्यात भाजी

पिंपळबारी, ता. शहादा, पश्चिम खानदेश
८ जुलै १९४८

चि. गिरधरभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

आबा मुंबईच्या दवाखान्यातून सुखरूप घरी आले. तुमचे दादा नंदुरबारच्या स्टेशनावर बैलगाडी घेऊन गेले होते. तापीला अजून पूर नाही, त्यामुळे नावेतून उतरायला त्रास झाला नाही. पायाची सूज बरीच उतरलीय. गावकरी बघायला आले की आबा धोतर गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवतात, जसा काही सारंगखेड्याच्या बाजारातून घोडाच विकत आणलाय.

दवाखान्यात नुसता बटाटा खाऊन तोंडाची चव गेली म्हणतात. ओसरीवर बसले नाहीत तोच सासूबाईंना म्हणाले, "आते माले तांदुळजा कर, नही ते मी परत मुंबईले जास." तेव्हापासून दोन्ही वेळा पानात पालेभाजी. परसातला तांदुळजा, पोकळा, अंबाडी, एकही सुटत नाही. आमच्या म्हशीसुद्धा इतका पाला खात नाहीत.

आता मुद्द्याचं. तुम्ही दिलेल्या गोळ्यांच्या बाटलीवर सगळं इंग्रजीत लिहिलंय. दादांना ते येत नाही आणि मी मास्तरांची मुलगी असले तरी माझं शिक्षण मराठी सातवीतच संपलं. आबांना विचारलं तर म्हणतात, रोज एक गोळी, बाकी डॉक्टर बडबडत होता. ही बडबड काय होती ते नीट मराठीत लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात दादा त्यांना रक्त तपासायला सुरतेला घेऊन जाणार आहेत.

तुमची वहिनी,
सरला


मुंबई
२२ जुलै १९४८

सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार.

ही बडबड मी आबांना इथे रोज ऐकवत होतो. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडायचं. आता तुम्ही ऐका, कारण घरात वाचून लक्षात ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. मगनदादा बैलाचं औषधसुद्धा अंदाजाने देतो.

आबांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती तिथून सुटून छातीत गेली असती तर आपल्याला बोलायलाही वेळ मिळाला नसता. या गोळीने रक्त लवकर गोठत नाही, म्हणून गाठ वाढत नाही. पण हीच गोळी जास्त झाली तर माणूस आतून वाहायला लागतो. हिरड्यांतून रक्त येणं, नाकातून येणं, मुका मार लागला नसताना अंगावर काळेनिळे डाग पडणं, लघवी लाल होणं, यातलं काहीही दिसलं की गोळी बंद आणि मला तार. डोकेदुखीची पुडी मुळीच द्यायची नाही, तिने रक्त आणखी पातळ होतं. दर आठ-दहा दिवसांनी सुरतेला जाऊन रक्त तपासायचंच. हातातून रक्त काढून ते किती वेळात गोठतं ते बघतात, त्यावरून गोळी ठरते.

दादाने पाठवलेला सुरतेच्या तपासणीचा कागद मी इथल्या डॉक्टरांना दाखवला. ते चक्रावले. म्हणाले, दवाखान्यात एका गोळीवर रक्त बरोबर होतं, घरी गेल्यावर घट्ट कसं झालं? त्यांनी आता रोज दीड गोळी सांगितली आहे. आबा मधूनच गोळी चुकवत तर नाहीत ना, यावर लक्ष ठेवा.

आबांना एक गंमत सांगा, त्यांना आवडेल. अमेरिकेकडे गुरांना एक गोडसर चारा घालतात. तो ओला राहून बुरसला आणि गुरांनी खाल्ला की नुसतं शिंग कापलं तरी रक्त थांबत नसे, गुरं उभ्या उभ्या मरत. त्या बुरसलेल्या चाऱ्यातून शोध लागत लागत ही गोळी निघाली. आहे की नाही शेतकऱ्याचं औषध?

तुमचा,
गिरधर


पिंपळबारी
७ ऑगस्ट १९४८

चि. गिरधरभाऊजींना आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला, पण मनातून तुमचा कान पिळावासा वाटतोय. ती गुरांची गोष्ट लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

मी तुमचं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं. आबांना गोष्ट आवडलीच. "आपला बुरसेल कडबा बी धाडी देऊ का मुंबईले?" म्हणून हसत होते. पण आत चुलीपाशी सासूबाई ऐकत होत्या. त्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ढोरे मारानं औसद मन्हा धनीले देतस?" कोणी काही म्हणायच्या आत बाटली उकिरड्यावर. मी पावसात उकिरडा उपसून ती शोधली. गोळ्या कोरड्या होत्या हे नशीब.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते कोणत्या शब्दांत सांगू? सासूबाई गोळी हातात दिसली की रडायच्या. आबा चिडून जेवण टाकून उठायचे. दादा दोघांच्या मधे न पडता शेतात निघून जायचे, तिथे ते फार शूर आहेत. तुमचं दीड गोळीचं फर्मान घेऊन मी एकटी दोन्हीकडची बोलणी खात होते.

शेवटी आबांनीच तोड काढली. सासूबाई दर चातुर्मासात पालेभाजी सोडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आबांनी जन्मात कधी व्रत धरलं नाही, उलट त्यांच्यासमोर बसून मुद्दाम मिटक्या मारत तांदुळजा खायचे. परवा म्हणाले, "तू माले गोयी खाऊ दे, मी तुन्हा चातुर्मास धरसू. कार्तिकीलोंग पालानी भाजी बंद." सासूबाईंना आधी खरंच वाटेना. मग देवापुढे पाणी सोडून वचन घेतलं. आता काल श्रावण लागल्यापासून त्या स्वतःच्या हाताने आबांना दीड गोळी देतात. देवाचं पाठबळ आहे, आता विष बाधणार नाही, म्हणतात.

मी सुटले. तुम्ही मात्र यापुढे पत्रात गुरंढोरं आणू नका.

तुमची,
सरला


मुंबई
१४ ऑगस्ट १९४८

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून खोलीत एकटाच हसत बसलो. आबा आणि व्रत! सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. आईला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते एका अमेरिकन गोळीने केलं. आबांना सांगा, पुढच्या वर्षी एकादशी धरा, मी मुंबईहून राजगिऱ्याचे लाडू पाठवतो.

आता एकच राहिलं, सुरत. गोळी वाढवल्यानंतर तपासणी झालेली नाही. डॉक्टर मला दर भेटीत तेच विचारतात आणि मी मान खाली घालतो. मगनदादाला म्हणावं, निंदणी दोन दिवस थांबली तर कपाशी पळून जाणार नाही.

तुमचा,
गिरधर


पिंपळबारी
२३ ऑगस्ट १९४८

चि. गिरधरभाऊजींना आशीर्वाद.

कपाशी पळत नाही, तापी पळते आहे. आठवडाभर पाऊस उघडला नाही. नदी दोन्ही काठ सोडून चाललीय, नाव बंद. पलीकडे जायला पंखच हवेत. सुरतेचं नाव काढू नका. मुंबईच्या खोलीत बसून सगळं सोपं वाटतं.

मी हे रागाने लिहितेय कारण मला भीती वाटतेय. आबा सकाळी बाभळीची काडी घासतात तेव्हा थुंकीत रक्त दिसतं. मी विचारलं तर म्हणाले, काडी टोचली. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग पडलाय. म्हणतात, बैलाने दावं ओढलं. दादा म्हणतात, उष्णता झालीय, ताक द्या. सासूबाई म्हणतात, व्रत लागू पडतंय, अंगातला विकार बाहेर निघतोय. मी एकटीच तुमचं जुनं पत्र पुन्हा पुन्हा वाचते. त्यात लिहिलेलं सगळं डोळ्यासमोर दिसतंय.

आज मी गोळी दिली नाही. सासूबाई माझ्यावर चिडल्या. आधी गोळी नको म्हणून रडत होत्या, आता गोळी दिली नाही म्हणून रडतायत. म्हणाल्या, देवाला वचन दिलंय, आता आपण मागे हटलो तर तोही हटेल. काय करू ते लवकर कळवा.

सरला


मुंबई
२८ ऑगस्ट १९४८

सौ. वहिनी,

पत्र आज हातात पडलं. शहाद्याला तार केली आहे, ती याच्या आधी पोचेल. गोळी बंद म्हणजे बंद. आईने दिली तरी बंद.

पण मला एक कळत नाही. दीड गोळीवर रक्त इतकं पातळ होऊच कसं शकतं? डॉक्टर म्हणतात, कोणीतरी जास्त दिली आहे. तुम्ही लक्ष ठेवा म्हणून लिहिलं होतं, ते याचसाठी. आईने देवाच्या भरात दोन-दोन दिल्या का? दादाने डोकेदुखीची पुडी दिली का? कोणा भगताने काही मुळी उगाळून पाजली का? सरळ सांगा. आपल्याकडे चूक झाली की सगळे मिळून ती झाकतात आणि मग माणूस हातातून गेला की कपाळावर हात मारतात.

रक्त गोठायला लावणारं 'के' जीवनसत्त्वाचं औषध आजच टपालाने पाठवलं आहे. रजा मागितली, साहेबाने नाही म्हटलं. शिवाय तुम्हीच लिहिता की नाव बंद आहे. तिथे नदीकाठी उभं राहून मी काय करणार?

गिरधर


पिंपळबारी
३ सप्टेंबर १९४८

गिरधरभाऊजी,

तुमचं पत्र वाचून वाटलं, उत्तरच देऊ नये. पण आबांसाठी लिहिते.

कोणी काही झाकलेलं नाही. सासूबाईंनी एकही गोळी जास्त दिलेली नाही. अर्धी गोळी सुरीने कापून मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशीसाठी. घरात डोकेदुखीची पुडी आणू दिलेली नाही. भगताला ओसरीसुद्धा चढू दिली नाही. दारू आबा पीत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायचं का? उलट या घरात कधी नव्हे इतकं सात्त्विक जेवण चाललंय. भाकरी, तुरीची डाळ, ताक, बस. आबांनी श्रावणापासून तांदुळज्याचं पानसुद्धा तोंडात घातलेलं नाही. आता आणखी काय कबूल करायचं राहिलं ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगावं.

तार मिळाली त्याच्या आधीपासूनच गोळी बंद आहे. तरी रक्त थांबत नाही. परवा सकाळी नाकातून आलं ते दुपारपर्यंत वाहत होतं. ओलं फडकं डोक्यावर ठेवून आबांना भिंतीला टेकवून बसवलं. काल लघवी लाल झाली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी विनोद केला नाही. शहाद्याचे डॉक्टर घोड्यावरून चिखल तुडवत आले. त्यांनी ही गोळी कधी पाहिलेलीच नाही. तरी माणूस भला, म्हणाले, उठू देऊ नका, सुई टोचायला मी हात लावत नाही, टोचलेली जागा वाहत राहील.

तुमचं औषध आलेलं नाही. पत्रं शिरपूरच्या वळशाने कशीबशी येतात, पार्सल मात्र नंदुरबारच्या पलीकडे कुठेतरी पडलं असेल. दादा रोज काठावर जाऊन नदीकडे बघून येतात. हे पत्र नदीच्या याच काठाने वर शिरपूरला जाणाऱ्या एका गाडीवानाकडे दिलंय, तो तिथून पुढे टाकेल.

सासूबाई आबांचे पाय धरून बसतात. म्हणतात, माझ्याच व्रतात काही खोट राहिली असेल. त्यांनी आता मीठही सोडलंय.

सरला


मुंबई
७ सप्टेंबर १९४८

सौ. वहिनी,

हे पत्र शिरपूरच्या वाटेनेच पाठवतोय. शिरपूरला एका ओळखीच्यांना तारही केली आहे, ते माणूस धाडतील. आधी मी तुमची माफी मागतो. मग सांगतो ते आत्ताच्या आत्ता करा, बाकी पत्र नंतर वाचा.

आबांना आजपासून पालेभाजी द्या. दोन्ही वेळा. तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे हिरवं मिळेल ते.

तुमचं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवत होतो. तांदुळज्याची ओळ आली तेव्हा मी ती वगळून पुढे गेलो, मला वाटलं त्यांना काय करायचंय आपल्या घरच्या व्रताशी. ते म्हणाले, मागे जा, मधे काय वाचलंत? मी सांगितलं. ते खुर्चीवरून उठलेच. रक्त गोठवणारं जे औषध मी पाठवलं आहे, तेच या हिरव्या पानांत असतं. गोळी त्याच्या उलट काम करते. आबा घरी येऊन रोज दोन्ही वेळा भाजी खायला लागले म्हणून सुरतेला रक्त घट्ट निघालं, म्हणून गोळी दीड झाली. ती दीड गोळी त्या भाजीच्या मापाची होती. मग भाजी गेली आणि गोळी तशीच राहिली.

म्हणजे मी हसलो होतो ना, तेव्हाच हे सुरू झालं होतं. भाजी सुटल्याचं मला वाचून कळलं होतं आणि मी लाडू पाठवायच्या गोष्टी करत होतो.

आईला सांगा, व्रत मोडा. कार्तिकीची वाट बघायची नाही. देव इतका अडाणी नाही, अडाणीपणाला या घरातली माणसं पुरेशी आहेत. भाजीने काम हळू होईल, औषध पोचलं तर तेही द्या, पण भाजी परसात आहे आणि औषध नदीपलीकडे.

गिरधर


पिंपळबारी
१६ सप्टेंबर १९४८

चि. गिरधरभाऊजींना आशीर्वाद.

आधी हे वाचा, आबांचं रक्त थांबलं आहे. आता बाकीचं.

तुमचं पत्र शिरपूरच्या माणसाने चिखलाने माखून आणलं. मी मनात वाचलं, मोठ्याने वाचायची खोड मोडलीय. अडाणी हा शब्द मी गिळला. सासूबाईंना जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, नाही. पाणी सोडून दिलेलं वचन आहे, ते मोडलं तर हे दगावतील. मी म्हटलं, नाही मोडलं तर दगावतील. बोलून गेले आणि जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग.

आबांना विचारलं. माझा जीव तुटत होता आणि हे गृहस्थ भिंतीला टेकून, आवाज निघत नाही इतके थकलेले, म्हणतात काय, "ती जे सांगी ते. मी तिले वचन देयेल शे." जन्मभर बायकोचा शब्द मोडण्यात गेला आणि आता नेमका पाळायचाय! मला त्या दोघांचाही इतका संताप आला की मी परसात जाऊन तांदुळज्यावर रडले. दादा मागून आले. त्यांनी वाकून दोन मुठी भाजी उपटली, माझ्या पदरात टाकली आणि पुन्हा शेतात गेले.

मी भाजी निवडली. चुलीपाशी गेले तर सासूबाईंनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं. मला वाटलं, गेली भाजी उकिरड्यावर. त्यांनी ती धुतली, लसूण ठेचला, फोडणी दिली. दोन भाकरी एका ताटात घेतल्या आणि आबांच्या समोर जाऊन बसल्या. आबांनी हात पुढे केला नाही. तर सासूबाईंनी पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

लग्न होऊन या घरात आल्यापासून चातुर्मासात ज्या बाईने पालेभाजीला हात लावला नाही, तिने तो घास चावून गिळला. मग म्हणाली, "आते मी मोडं. पहिलं पाप मन्हं. तुम्हले लागाव नही. खा."

आबांनी खाल्लं. दोघं एका ताटात जेवली. मी दाराआड उभी होते, मला हुंदका आवरला नाही.

दोन-चार दिवसांत हिरड्या कोरड्या झाल्या, मग लघवी निवळली. तुमचं औषधही पूर ओसरल्यावर आलं, तेही दिलं. शहाद्याचे डॉक्टर पुन्हा आले आणि तुमचं पत्र त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. अजून आबा उठून बसले की भोवळ येते. गोळी पुढे द्यायची की नाही, किती द्यायची, पाय परत सुजला तर काय, हे इथे कोणाला सांगता येत नाही. तुम्ही कल्पना कराल तेवढी भीती मला आहेच.

सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. राग माझ्यावर नाही, हे मला कळतं. आज मी लिहायला बसले तर शेजारी येऊन म्हणाल्या, मी सांगते ते माझ्याच बोलीत लिही, तुझं शुद्ध करू नकोस. म्हणून पुढचं त्यांचं आहे.

सरला


गिरधर,

तुन्ही आई सांगी ऱ्हायनी. सरला लिखी ऱ्हायनी.

तुन्हा आबा बरा शे. तुन्ही चिठ्ठीमा माले काय म्हनेल व्हतं ते सरलानी वाचं नही, पन तिन्हं तोंड देखीसन माले समजनं. म्हन, माले काई वाटत नही. पन तुन्हा डॉक्टरले एक सांग. त्यानी आबाले तमाखू इचारी, दारू इचारी, काय खातस ते बी इचारं. काय सोडं ते इचारं नही. इचारतं ते मी सांगी टाकती. त्यामा लपाडानं काय व्हतं?

मी देवले सांगेल शे, तुले जे लेवानं व्हई ते मन्हाकडथून ले. तो काय करस ते मी देखी लिसू. त्यानी काळजी तू करू नको.

आते गोयीनं. मी ती फेकाव नही. पन चिठ्ठीवरथून मी ती देवाव बी नही. एक चिठ्ठीमा तू एक सांगस, दुसरीमा दीड, तिसरीमा बंद. तू सोता ये, आबाले सुरतले ली जाय, त्यान्हा मोऱ्हे बठ, मंग काय देवानं ते सांग. साहेब नही म्हनस ते म्हनू दे.

नाव चालू व्हयनी. दिवाळीनी वाट देखू नको. आबा बरा शे तोवर ये.